नावाला धरून चला: अनेक आलेखांना आपोआप लेबलं देताना

काही वर्षांपूर्वी एम. एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अहवाल माझ्याकडे वाचायला आला. विषय आरोग्य तपासणीचा, आलेख चाळीसच्या आसपास. सगळे नीट काढलेले, रंग एकसारखे, शीर्षकं मराठीत. एका आलेखाशी मात्र मी थांबलो. वर लिहिलं होतं ‘वजन, किलो’ आणि खालचा अक्ष ७ पासून १६ पर्यंत जात होता. तपासणी प्रौढ बायकांची होती. बारा किलो वजन कुणाचं असणार? तो आलेख हिमोग्लोबिनचा होता.

शोधलं तेव्हा उलगडा झाला. तिने शीर्षकांची यादी कॉलमच्या क्रमाने हाताने टाइप केली होती. शेवटच्या आठवड्यात ‘कमरेचा घेर’ हा कॉलम माहिती अपुरी म्हणून डेटातून काढला, यादीतून काढायचा राहिला. तिथून पुढचं प्रत्येक शीर्षक एक घर सरकलं. प्रोग्रॅमने कुठेही तक्रार केली नाही. वजन आणि हिमोग्लोबिन यांचे आकडे एकमेकांपासून लांबचे, म्हणून चूक डोळ्यांना दिसली. दोन्ही तपासण्यांचे आकडे एकाच पल्ल्यातले असते, तर तो आलेख तसाच बांधणीला गेला असता.

दोन-चार आलेख असतील तर लेबल हाताने लिहिता येतं. दहाच्या पुढे गेलात की ते प्रोग्रॅमकडूनच लिहून घ्यायला हवं, आणि तेही योग्य रीतीने. सगळ्या रीतीचं सार एका वाक्यात सांगतो: ज्या नावाने आकडे काढता, त्याच नावाने लेबल काढा. आकडे एका वाटेने आणि लेबल दुसऱ्या वाटेने आलं, की कधी ना कधी दोघांची चुकामूक होते. पुढची उदाहरणं ‘आर’ या भाषेतली आहेत. ती ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. आपल्याकडच्या संख्याशास्त्राच्या वर्गांतही ती आता सर्रास वापरली जाते. तत्त्व मात्र कुठल्याही भाषेला लागू आहे.

नाव नेमकं कुठे हरवतं

नवशिक्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. त्याने तक्त्यातल्या सगळ्या कॉलमवर ‘लॅप्लाय’ने ‘हिस्ट’ चालवलेलं असतं. आलेख भराभर येतात, पण प्रत्येकावर एकच शीर्षक असतं: ‘हिस्टोग्राम ऑफ एक्स’, आणि पुढे दुहेरी चौकटी कंसात ‘आय’. ‘फॉर’चा लूप कॉलमच्या क्रमांकावर फिरवला तरी तेच. तक्त्याचं नाव, स्वल्पविराम, ‘आय’ असा मजकूर प्रत्येक आलेखावर छापून येतो.

कारण साधं आहे. ‘हिस्ट’ला शीर्षक दिलं नाही, तर तुम्ही कंसात जे टाइप केलं तेच ते जसंच्या तसं उतरवून घेतं. तुम्ही ‘ओझोन’ टाइप केलंत तर ओझोन, ‘आय’ टाइप केलंत तर ‘आय’. त्या घडीला ‘आय’ची किंमत काय आहे, हे ते विचारत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘आर’मध्ये कॉलमचं नाव कॉलमवर लिहिलेलं नसतं, ते तक्त्याकडे असतं. फळीवर नावं लिहिली आहेत आणि त्यांच्यासमोर बिननावाचे डबे मांडलेत, असं समजा. ‘लॅप्लाय’ एकेक डबा उचलून फंक्शनच्या हातात देतं, फळीवरचं नाव फळीवरच राहतं. आत धणे आहेत की जिरं, हे फंक्शनने कसं ओळखावं? म्हणून डबे फिरवू नका, नावं फिरवा. लूप क्रमांकावर किंवा कॉलमवर न चालवता ‘नेम्स’ने मिळणाऱ्या नावांच्या यादीवर चालवा. नाव हातात असलं की दुहेरी चौकटी कंसात तेच घालून कॉलम मिळतो आणि तेच नाव ‘मेन’ला देऊन शीर्षक मिळतं. एवढ्या एका बदलाने निम्मं काम होतं.

न्यूयॉर्कची हवा, १९७३

‘आर’सोबत येणारा ‘एअरक्वालिटी’ हा डेटा घेऊ. तुमच्या संगणकावर ‘आर’ असेल तर तो आत्ताच उघडून बघता येईल. न्यूयॉर्क शहरातल्या मे ते सप्टेंबर १९७३ या काळातल्या हवेच्या या रोजच्या नोंदी आहेत: १५३ दिवस, सहा कॉलम. महिना आणि तारीख सोडली तर मोजमापाचे कॉलम चार: ‘ओझोन’, ‘सोलर डॉट आर’, ‘विंड’ आणि ‘टेम्प’, याच क्रमाने.

महिना आणि तारीख वगळून नावांवर लूप चालवला की चार आलेखांवर ही चार नावं येतात. हे तुमच्यापुरतं ठीक आहे, वाचणाऱ्याला पुरत नाही. ‘टेम्प’ म्हणजे तापमान हे कळेल, पण कुठलं तापमान? डेटासोबतचं मदतीचं पान उघडलंत तर कळतं की ते लाग्वार्डिया विमानतळावरचं दिवसाचं कमाल तापमान आहे, फॅरेनहाइटमध्ये. वाऱ्याचा वेग त्याच विमानतळावरचा, सकाळी सात आणि दहाच्या नोंदींची सरासरी, ताशी मैलांत. ओझोन रूझवेल्ट आयलंडवरचा, दुपारी एक ते तीन या वेळेतला, अब्जांशात, म्हणजे पीपीबीत. सौर किरणोत्सर्ग सेंट्रल पार्कमधला, सकाळी आठ ते बारा, लँगली या एककात. चार कॉलम, तीन जागा, चार एककं. यातलं काहीही कॉलमच्या नावात मावत नाही आणि मावू नये. कॉलमचं नाव प्रोग्रॅमसाठी असतं, लेबल माणसासाठी. दोघांना एकाच शब्दात कोंबायला गेलं की दोघांचीही अडचण होते.

लेबलांचा एकच तक्ता

म्हणून लेबलांचा एक वेगळा तक्ता करा. पहिल्या कॉलममध्ये चलाचं नाव, अगदी डेटात आहे तसं. दुसऱ्यात मराठी लेबल. तिसऱ्यात एकक. चौथा हवा तर, मोजमाप कुठे आणि कधी झालं त्यासाठी. हा तक्ता एक्सेलमध्ये भरा आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवा, म्हणजे देवनागरी अक्षरं शाबूत राहतील. ‘आर’मध्ये वाचताना फाइलचं एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-बॉम’ असं सांगा. नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावापुढे दोन-तीन विचित्र अक्षरं चिकटून येतात आणि नाव जुळत नाही.

वेगळ्या फाइलचा आणखी एक फायदा आहे. प्रकल्पातल्या ज्या डॉक्टरला किंवा कृषी अधिकाऱ्याला प्रोग्रॅम वाचता येत नाही, त्यालाही हा तक्ता वाचता येतो. ‘हिमोग्लोबिनचं एकक चुकलंय’ असं त्याने सांगितलं, तर दुरुस्ती एका घरात होते आणि चाळीसही आलेखांत आपोआप पोचते.

तक्ता वाचून झाला की ‘सेटनेम्स’ वापरून त्याची नाव लावलेली यादी बनवा: ‘टेम्प’ या नावासमोर ‘कमाल तापमान, अंश फॅरेनहाइट’, ‘विंड’समोर ‘वाऱ्याचा वेग, ताशी मैल’. आता नाव दिलं की लेबल मिळतं. ही यादी क्रमाने कधीच वापरायची नाही, नेहमी नावानेच विचारायची. मग मधला एखादा कॉलम काढला, दोन नवे घातले, क्रम उलटा केला, तरी लेबल आपली जागा सोडत नाही. त्या विद्यार्थिनीच्या अहवालात एवढंच असतं, तर ‘कमरेचा घेर’ गेल्याने काहीही बिघडलं नसतं.

लेबल विचारताना एक बारकावा सांभाळा. यादीत नसलेलं नाव एकेरी चौकटी कंसाने विचारलं, तर ‘आर’ मुकाट्याने ‘एनए’ हातात ठेवतो आणि आलेखावर शीर्षक म्हणून ‘एनए’ छापलं जाण्याची पाळी येते. दुहेरी कंसाने विचारलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि चूक सांगतो. थांबणारा प्रोग्रॅम नेहमीच चांगला. म्हणून लेबल दुहेरी कंसानेच काढा.

लूप सुरू होण्याआधी आणखी एक ओळ लिहा: ज्या कॉलमचे आलेख काढायचे त्यांच्या नावांतून लेबलांच्या यादीतली नावं ‘सेटडिफ’ने वजा करा आणि उत्तर रिकामं आहे ना, हे ‘स्टॉप इफ नॉट’कडून तपासून घ्या. या ओळीत बऱ्याच गोष्टी सापडतात. ‘रीड सीएसव्ही’ कॉलमच्या नावातली मोकळी जागा काढून तिथे टिंब घालतं, त्यामुळे तुमच्या तक्त्यातलं ‘सोलर आर’ आणि डेटातलं ‘सोलर डॉट आर’ जुळत नाहीत. कुठे ‘टेम्प’चं पहिलं अक्षर लहान लिपीत पडलेलं असतं. ही चुकामूक डोळ्यांनी दिसायला वेळ लागतो, वजाबाकीत लगेच उघडी पडते.

एक फंक्शन, एक नाव

आता आलेख काढणारं छोटं फंक्शन लिहा. त्याला बाहेरून एकच गोष्ट मिळेल: चलाचं नाव. त्या नावाने ते आकडे काढेल, लेबल काढेल, किती नोंदी खरोखर उपलब्ध आहेत ते मोजेल, ‘पेस्ट’ किंवा ‘स्प्रिंट-एफ’ने त्यांचं शीर्षक जोडेल आणि आलेख काढेल. मग हे फंक्शन नावांच्या यादीवर ‘लॅप्लाय’ने चालवा.

नोंदींची संख्या शीर्षकात घालण्याचा आग्रह मी धरतो. आपल्या उदाहरणात १५३ दिवसांपैकी ओझोनच्या ३७ नोंदी गहाळ आहेत, सौर किरणोत्सर्गाच्या ७. वारा आणि तापमान पूर्ण आहे. म्हणजे शेजारी दिसणारे चार आलेख सारख्या दिवसांचे नाहीत: ओझोनचा ११६ दिवसांचा, किरणोत्सर्गाचा १४६ दिवसांचा, उरलेले दोन १५३ दिवसांचे. ‘ओझोन, पीपीबी, ११६ दिवस’ असं शीर्षक आलं की वाचणारा सावध होतो. हे आकडे हाताने लिहू नका, फंक्शनलाच मोजायला लावा. उद्या डेटात भर पडली की शीर्षकही बदलेल.

लेबल लांब असेल तर अक्षर बारीक करत बसू नका. ‘एसटीआर-रॅप’ने वीस-पंचवीस अक्षरांवर ओळ तोडा. दोन ओळींचं वाचता येणारं शीर्षक एका ओळीतल्या न वाचता येणाऱ्या शीर्षकापेक्षा केव्हाही बरं. सगळ्या आलेखांना सामाईक असलेला मजकूर, जसं ‘न्यूयॉर्क, मे ते सप्टेंबर १९७३’, प्रत्येकावर पुन्हा पुन्हा लिहू नका. पानाच्या माथ्यावर एकदाच द्या.

एकाच चौकटीत अनेक आलेख

‘जीजीप्लॉट-टू’ वापरणाऱ्यांची रीत थोडी वेगळी. ते ‘पिव्हट लाँगर’ने चारही कॉलम उभे एकाखाली एक लावतात आणि ‘फॅसेट रॅप’ने प्रत्येक चलाचा वेगळा खण पाडतात. खणावर नाव आपोआप येतं. सोय मोठी आहे, पण इथे एक फसवा वळसा आहे.

डेटातला क्रम आठवा: ओझोन, सोलर, विंड, टेम्प. ‘फॅसेट रॅप’ मात्र खण इंग्रजी वर्णक्रमाने लावतं: ओझोन, सोलर, टेम्प, विंड. शेवटच्या दोघांची जागा बदलली. आता समजा मराठी लेबलं हवीत म्हणून तुम्ही त्या कॉलमचा ‘फॅक्टर’ केलात आणि ‘लेबल्स’मध्ये डेटाच्या क्रमाने चार शब्द लिहिलेत: ओझोन, सौर किरणोत्सर्ग, वारा, तापमान. ‘फॅक्टर’नेही पातळ्या वर्णक्रमानेच लावलेल्या असतात. त्यामुळे तापमानाच्या खणावर ‘वारा’ लिहिलं जातं आणि वाऱ्याच्या खणावर ‘तापमान’. प्रोग्रॅम चालतो, इशाराही येत नाही.

खरे आकडे बघा. वाऱ्याचा वेग १.७ ते २०.७ आणि तापमान ५६ ते ९७. लेबलं उलटली की न्यूयॉर्कचा उन्हाळा दोन ते वीस अंशांचा दिसतो. फॅरेनहाइटची सवय असलेला माणूस कदाचित दचकेल. सेल्सिअसमध्ये वाढलेला आपला वाचक मात्र ‘परदेशात थंडी असतेच’ म्हणून पुढे जाईल. चूक पकडण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडायचं नसतं.

उपाय आपल्या हातात आधीच आहे. नाव लावलेली तीच यादी ‘ॲज लेबलर’ला द्या आणि ती ‘फॅसेट रॅप’च्या ‘लेबलर’ला जोडा. जोडणी नावावरून होते, क्रमाचा प्रश्नच उरत नाही. खणांचा क्रमही तुमच्या मनासारखा हवा असेल, तर ‘फॅक्टर’मध्ये ‘लेव्हल्स’ स्वतः लिहा, लेबलं मात्र यादीकडूनच येऊ द्या.

त्यासोबत ‘स्केल्स’ला ‘फ्री’ सांगायला विसरू नका. किरणोत्सर्गाचे आकडे ३३४ पर्यंत जातात, वारा २१ च्या आत आहे. अक्ष सामाईक ठेवला तर वाऱ्याचा सगळा आलेख डाव्या कोपऱ्यात दोन-तीन काड्यांत उरतो. अक्ष मोकळे सोडलेत की प्रत्येक खणाचं एकक लेबलात असणं आणखी गरजेचं होतं.

शीर्षक बरोबर, चित्र चुकीचं

सगळ्यात घातक चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

‘जीजीप्लॉट-टू’चा आलेख लूपमध्ये नुसता लिहिला तर दिसत नाही, त्याला ‘प्रिंट’ म्हणावं लागतं. म्हणून बरेच जण ‘फॉर’च्या लूपमध्ये आलेख बनवून यादीत साठवतात आणि शेवटी एकदम छापतात. छापल्यावर दिसतं ते असं: चार आलेख, चार वेगळी शीर्षकं, चारही बरोबर. पण आतलं चित्र चारही ठिकाणी एकच, शेवटच्या चलाचं.

असं का होतं? ‘एईएस’च्या कंसात लिहिलेलं लगेच अमलात येत नाही, ते कृतीसारखं लिहून ठेवलं जातं: ‘ज्याचं नाव या चिठ्ठीवर असेल, त्याचे आकडे घे.’ प्रत्यक्ष आकडे घेतले जातात ते छापताना. तोवर लूप संपलेला असतो आणि चिठ्ठीवर शेवटचं नाव उरलेलं असतं. शीर्षक मात्र त्या त्या वेळीच ठरून बसलेलं असतं. म्हणून शीर्षकं वेगवेगळी, चित्रं सारखी. शीर्षकं बघून समाधान मानणारा इथे हमखास फसतो, विशेषतः आलेख वेगवेगळ्या पानांवर असतील तर.

इलाज म्हणजे वर लिहिलेलं फंक्शन. आलेख लूपच्या पोटात न काढता फंक्शनमध्ये काढा आणि ते नावांच्या यादीवर ‘लॅप्लाय’ने चालवा. फंक्शनच्या प्रत्येक हाकेला स्वतःची वेगळी चिठ्ठी मिळते, ती नंतर कुणी खोडत नाही. ‘एईएस’मध्ये नावावरून कॉलम काढायला ‘डॉट डेटा’पुढे दुहेरी कंसात ते नाव लिहा.

इतर भाषांत

पायथनमध्ये ‘पांडाज’चं ‘हिस्ट’ प्रत्येक आलेखावर कॉलमचं नाव स्वतःच टाकतं. पुढची मराठी लेबलं डिक्शनरीत ठेवा आणि चौकटी कंसानेच काढा. नाव नसेल तर प्रोग्रॅम थांबतो, ‘गेट’ मात्र गप्प राहतं. ‘स्टाटा’त चलाचं लेबल डेटातच साठवलेलं असतं आणि ‘फॉरईच’च्या फेरीत ते काढून शीर्षकाला देता येतं. ‘एसपीएसएस’ किंवा ‘स्टाटा’ची फाइल ‘हेवन’ पॅकेजने ‘आर’मध्ये आणलीत तर ती लेबलं कॉलमला चिकटून येतात. पण आकड्यांचं रूप बदललं किंवा काही नोंदी गाळल्या की ती अनेकदा गळून पडतात. म्हणून डेटा आल्या आल्या ती उचलून आपल्या तक्त्यात उतरवून ठेवा.

मराठी अक्षरं आणि मराठी आकडे

देवनागरी लेबलांच्या दोन अडचणी ठरलेल्या. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही असं समजा. ‘नोटो सान्स देवनागरी’ घाला आणि आलेखाला त्याच फाँटचं नाव द्या. अक्षरं दिसतात पण ‘किलो’तली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते किंवा जोडाक्षरं फुटतात, तर दोष फाँटचा नसून अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेचा असतो. ‘आर’चं साधं ‘पीडीएफ’ देवनागरीसाठी वापरू नका, ‘कैरो पीडीएफ’ वापरा. चित्रफाइलींसाठी ‘रॅग’ पॅकेज चांगलं काम करतं.

संगणकाने मोजलेले आकडे इंग्रजी अंकांत येतात. शीर्षक मराठी आणि अंक इंग्रजी असं मिश्रण नको असेल, तर ‘सीएचएआर-टीआर’ हे फंक्शन शून्य ते नऊ हे दहा अंक एका झटक्यात देवनागरीत बदलून देतं. अक्षावरच्या अंकांनाही तेच लावता येतं.

फाइलींची नावं

प्रत्येक आलेख वेगळ्या फाइलीत हवा असेल तर फाइलीचं नावही त्याच चलाच्या नावातून बनवा. इथे लेबल वापरू नका. त्यात स्वल्पविराम, मोकळ्या जागा, कधी तिरकी रेघ असते आणि तिरकी रेघ संगणकाला फोल्डर वाटते. नावाआधी अनुक्रम दोन अंकी लिहा, ०१, ०२ असा. नाहीतर बऱ्याच ठिकाणी दहावी फाइल दुसरीच्या आधी जाऊन बसते. आणि प्रत्येक आलेखानंतर ‘डेव्ह ऑफ’ म्हणा. ते राहिलं की फाइल बनलेली दिसते, पण उघडत नाही.

छापण्याआधी एक परीक्षा

सगळं जुळून आलं, आलेख देखणे दिसतायत, तरी अहवालात घालण्यापूर्वी दोन गोष्टी करा. पहिली, कुठलेही तीन आलेख निवडा आणि त्यांच्या अक्षाची दोन्ही टोकं ‘समरी’तल्या किमान आणि कमाल आकड्यांशी ताडून बघा. शीर्षक बरोबर आणि चित्र चुकीचं ही चूक इथेच सापडते.

दुसरी, डेटाची एक प्रत घ्या आणि तिच्यातला मधलाच एक कॉलम मुद्दाम काढून टाका. एखादा नवा कॉलम सुरुवातीला घाला, त्याचं लेबल तक्त्यात लिहू नका. मग सगळा प्रोग्रॅम पुन्हा चालवा. नव्या कॉलमला लेबल नाही म्हणून तो थांबला पाहिजे. लेबल लिहून पुन्हा चालवलात की उरलेली सगळी लेबलं आपापल्या आकड्यांवर जशीच्या तशी असायला हवीत. एक जरी सरकलं, तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी लेबल अजून क्रमाने येतंय. ती जागा शोधा आणि तिथे नाव लिहा.

त्या विद्यार्थिनीने अहवाल दुरुस्त करताना हीच परीक्षा घेतली होती. ‘कमरेचा घेर’ तिने एकदा परत घातला, एकदा परत काढला. दोन्ही वेळा हिमोग्लोबिनच्या आलेखावर हिमोग्लोबिनच लिहिलेलं होतं.